दूधभात आणि डॉक्टरीणबाई

एका मुलीचा दमा दूधभातामुळे वाढतो, असा शोध मी एकेकाळी लावला होता. लावून गप्प बसले असते तर एक वेळ चाललं असतं. पण मी तो टाइप केला, खाली ठसठशीत सही ठोकली आणि साता समुद्रापार पाठवून दिला. दूधभात म्हणजे काय, हे तेव्हा डोंबिवलीतल्या कुठल्याही शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मला नव्हतं. मी एम.ए. होते.

मानसशास्त्रात, फर्स्ट क्लास. हे मी तेव्हा भाजीवाल्यालाही ऐकवायचे. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला शबनम आणि तोंडात सदान्‌कदा 'डेटा'. आज डेटा गोळा करायचाय, डेटा नीट आला नाही, डेटामुळे स्वयंपाकाला उशीर झाला. माझ्या सासूबाई डोंबिवलीच्या आमच्या चाळीत सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, "सूनबाई कल्याणला कुणा दात्यांकडे कामाला जाते. फार त्रास देतो मेला."

मी जायचे ती दात्यांकडे नव्हे, डॉक्टरीणबाईंकडे. त्यांचं नाव इथे लिहिलं तर त्या वरूनसुद्धा खडू फेकून मारतील. टेबलावर खडूंची वाटी असायची आणि बोलण्यात कुणी वाहवत गेलं की बाई त्यातला एक उचलून नेम धरायच्या. औषध कंपन्यांच्या माणसांना हे माहीत होतं, ते दारातूनच बोलायचे.

बाई उंच, हाडकुळ्या. मनगटावर पुरुषी घड्याळ. साडी घोट्याच्या वर, कारण लूना. त्या लूनाच्या हँडलला स्टेथोस्कोप लटकवून कल्याणच्या बाजारातून निघाल्या, की हातगाडीवाले आपणहून बाजूला व्हायचे. हॉर्न चालत नव्हता. बाई तोंडानं ओरडायच्या, "ए, हो बाजूला, मला ब्रेक नाहीयेत!" ब्रेक होते. पण त्या म्हणायच्या, खरं सांगितलं की माणसं विचार करत उभी राहतात.

दवाखाना घाऊक मिरची-मसाल्याच्या दुकानाच्या बरोबर वर. दम्याच्या पोरांचा दवाखाना, आणि खाली लाल मिरच्यांची पोती! एखादा नवा बाप नाकाला रुमाल लावून जिना चढायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर, जागा तरी जरा..." बाई म्हणायच्या, "जिन्यात जो शिंकत नाही, तो पेशंट माझा नाही. माझं निदान खालीच सुरू होतं." स्वतः बाई जिन्यात अशा शिंकायच्या, की त्या आवाजावर वर कंपाउंडर पंखा लावायचा.

त्या काळी बालदमा म्हटला की पोराच्या तोंडचं सगळं काढून घ्यायची पद्धत होती. दही बंद, केळं बंद, पेरू बंद, चिंचेचं तर नाव नको. बाईंच्या खणात मात्र चिंच-बोरं भरलेली. आयांच्या डोळ्यांदेखत पोरांच्या हातावर ठेवायच्या. एखादी आई कळवळली की म्हणायच्या, "चिंचेनं दमा होत असता, तर पहिला चिंचेच्या झाडाला झाला असता. गप बसा तुम्ही. घ्या, तुम्हीपण एक घ्या."

मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "अहो एम.ए.," म्हणायच्या. "अहो एम.ए., ती खिडकी लावा. अहो एम.ए., तुमच्या साडीला इस्त्री जास्त झालीय, पोरं जवळ यायला घाबरतात."

मी त्यांच्याकडे कशी पोचले ते सांगते. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. परदेशातल्या एका विद्यापीठातल्या मंडळींच्या मनात आलं, की जुनाट आजाराच्या मुलांचं नुसतं फुप्फुस मोजून भागायचं नाही, त्यांचं जगणंही मोजलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी प्रश्न तयार केले होते आणि ते देशोदेशीच्या मुलांना त्यांच्या त्यांच्या भाषेत विचारून पाहायचे होते. बाईंना कल्पना पसंत होती. "नळीत फुंकलं की आकडा येतो," त्या म्हणाल्या, "पण पोर घरी जाऊन काय करतं, ते नळीत कुठे येतं?" त्यांना भाषांतराला माणूस हवा होता, आणि मला जगाला दाखवून द्यायचं होतं.

मी पहिल्याच पानावर झोकात लिहिलं, 'जीवनाची गुणवत्ता'. बाईंनी ते चष्मा वर करून वाचलं.

"हे काय? बोर्डाची यादी लागणार आहे?"

मी त्यांना संज्ञेचं महत्त्व समजावून सांगितलं. खडू आला.

पण बाईंचंच खरं निघालं. डोंबिवलीची मुलं प्रश्नाला बसली की पाठ ताठ करायची आणि पहिला प्रश्न तीच मला विचारायची, "बरोबर उत्तर कोणतं?" कागदावर चेहरे काढलेले होते, अगदी हसऱ्यापासून अगदी रडक्यापर्यंत. तुला कसं वाटतं त्या चेहऱ्यावर बोट ठेव, असं सांगायचं. एका मुलानं मुकाट्यानं हसऱ्यावर बोट ठेवलं आणि मागून त्याच्या आईनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. "घरून तयारी करून घेतलीय मी," म्हणाली.

प्रश्नही तसेच. 'मैत्रिणीकडे रात्री झोपायला जाताना आजाराची अडचण वाटते का?' यावर एक आजी माझ्या अंगावरच आली. "कशाला जाईल ती झोपायला दुसऱ्याकडे? आमचं घर काय कोसळलंय?" 'तुझ्या खोलीत एकटं असताना भीती वाटते का?' हे ज्या मुलाला विचारलं, तो एका खोलीत सहा माणसांत वाढलेला. तो विचारात पडला. मग डोळे मोठे करून म्हणाला, "सगळे कुठे गेलेत?"

शाळेच्या प्रश्नाचं तर काय सांगू. 'आजारामुळे अभ्यासात मागे पडल्यासारखं वाटतं का?' डोंबिवलीची आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "फार. यंदा दुसराच आला." त्याच दिवशी कल्याणपलीकडच्या खडवली गावाहून आलेली आई म्हणाली, "छे, शाळेचं काय नाही. मास्तरच येत नाहीत." मी त्या मुलाला पैकीच्या पैकी आणि डोंबिवलीच्या दुसऱ्या नंबराला आजारानं गांजलेला ठरवलं. बाईंनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, "एम.ए., परदेश कशाला हवाय तुम्हाला? डोंबिवली आणि खडवली यांच्या मध्येच दोन समुद्र आहेत."

बाईंची स्वतःची मोजायची रीत वेगळी होती. मुलाला तपासून झालं की त्या खणातून सागरगोटे काढायच्या, सरळ जमिनीवर फतकल मारून बसायच्या आणि त्याच्याशी खेळायच्या. आणि खेळताना चिटिंग करायच्या. तीही चोरून नाही, धडधडीत. एक उचलायचा तिथे दोन उचलायच्या, खाली पडलेला झेलला म्हणायच्या, दोनदा खेळून पुन्हा "माझीच पाळी" म्हणायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला लाजच वाटली. एवढी मोठी डॉक्टर, आणि सात वर्षांच्या पोराला फसवते!

"ए डॉक्टरबाई, चिटिंग! चिटिंग!" पोरगं किंचाळायचं.

"कुठे चिटिंग? मी नाही केली."

"केली! तुम्ही रडीचा डाव खेळता! मी नाही खेळणार जा, कट्टी!"

कट्टी झाली की बाई खूश. गुडघ्यावर हात टेकून उठायच्या आणि आईला सांगायच्या, "औषध तेच चालू ठेवा. छान चाललंय."

मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? तर म्हणाल्या, "ज्याचं भांडण चालू आहे त्याचं बरं चाललंय, एम.ए. मला भीती वाटते ती ऐकून घेणाऱ्या पोरांची."

हे सगळं मी कानाआड केलं. कारण ते डेटात बसत नव्हतं.

आता हिरा. कल्याणच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, दहा वर्षांची, काळीसावळी, कानात सोन्याच्या बारक्या बाळ्या. वडील होडीवर, आई बाजारात मासळी घेऊन बसायची. आदल्या वर्षी खेळता खेळता हिराचा श्वास अडकला होता आणि काकानं तिला उचलून धावत इस्पितळात नेलं होतं. तेव्हापासून ती बाईंकडे येत होती आणि औषधानं बरीच सावरली होती. मी तिला प्रश्न विचारले. उत्तरं ऐकून माझं मन भरून आलं. मुलं खेळायला घेतात? "नेहमी." कुणी चिडवतं? "नाय." मारतं? "नाय." भांडण? "कुनीच करत नाय माझ्याशी." प्रत्येक वेळी बोट अगदी हसऱ्या चेहऱ्यावर. माझ्या हिशेबानं ती जगातली सर्वांत सुखी आजारी मुलगी होती. शेवटी मी आपलं सहज विचारलं, "आणि खेळताना तू काय असतेस?" म्हणजे राजा, चोर, शिपाई, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

"दूधभात," ती म्हणाली.

मी लहानपणी खेळले नाही. मी पहिली यायचे. तेव्हा मी काय केलं असेल? 'आहार' या रकान्यात लिहिलं: मूल खेळताना दूधभात खाते. मग पुढे स्वतःच्या अकलेनं जोड दिली, की संध्याकाळच्या दूधभातानं कफ होऊन त्रास वाढत असावा. हे पाठवून दिलं. वर तिच्या आईला बाजारात गाठून, सुरमई-बोंबलांच्या टोपलीसमोर उभी राहून, नाकाला पदर लावून सल्ला दिला: "हिराला खेळायच्या वेळी दूधभात देत जाऊ नका."

तिनं माझ्याकडे पाठ करून गिऱ्हाइकाला बोंबील मोजून दिले. पण पुढच्या वेळी दवाखान्यात आली ती माझ्याकडे न बघता थेट बाईंसमोर उभी राहिली.

"डॉक्टरीणबाय, ही तुमची बाय काय बोलते? दूधभात कोन खातो आमचेकरं? मावऱ्याबिगर, मासलीबिगर या पोरीच्या घशाखाली घास उतरत नाय. सगल्या बाजारात माझी शोभा केली, मी पोरीला दूधभात घालते म्हून!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी माझा कागद पुढे केला. बाईंनी वाचला. आणि मग त्या ज्या हसायला लागल्या, त्या खुर्चीतून घसरून सागरगोट्यांच्या जागी जमिनीवर आल्या. कंपाउंडर पाणी घेऊन धावला. "खेळताना दूधभात खाते!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अहो एम.ए., तुम्ही कधी घराबाहेर पडला होता का हो लहानपणी?"

मग त्यांनी मला सांगितलं. वाचणाऱ्यांपैकी माझ्यासारखं कुणी असेल, म्हणून लिहिते. खेळात एखादं फार लहान पोर 'मला घ्या, मला घ्या' म्हणून मागे लागतं, तेव्हा मोठी मुलं त्याला दूधभात म्हणून घेतात. ते धावतं, लपतं, ओरडतं. पण ते सापडलं तरी आउट होत नाही, त्यानं कुणाला पकडलं तरी धरत नाहीत, आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. त्याला वाटतं आपण खेळतोय.

"त्याला," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. हसू गेलं. त्या जमिनीवरच बसलेल्या होत्या. त्यांनी हिराकडे बघितलं. "पण ही तर दहा वर्षांची आहे. हिला कळतंय."

त्यांनी सागरगोटे काढले. हिरा समोर बसली. बाईंनी एकाऐवजी दोन उचलले. हिरा बघत होती. बाईंनी पडलेला झेलला म्हटलं. हिरा बघत होती. बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, "माझीच पाळी." हिरानं मान डोलावली आणि म्हणाली, "घ्या तुमी, डॉक्टरबाई."

बाईंनी सागरगोटे खाली ठेवले. असा चेहरा मी त्यांचा क्ष-किरणांच्या फोटोकडे बघतानाही पाहिला नव्हता.

"खेळायला जातेस ना गं रोज?"

"आता नाय जात," हिरा म्हणाली. "जाल्यांवर बसून बघते. तेच बरं परतं."

तिच्या आईनं घाईनं सांगितलं, "मीच बोलली सगल्या पोरांना. माझे पोरीला कोनी धावायला लावलं ना, तर तंगरी तोरीन. गेल्या साली उचलून नेली तवा तिची नखां निली झालती, डॉक्टरीणबाय. मी बगितली हाय ती नखां. तुमी नाय बगितली."

यावर बाईंकडे खडू नव्हता. त्या हळू म्हणाल्या, "खरं आहे. मी नाही बघितली." मग विचारलं, "दम्याचा पंप कुठे आहे तिचा?"

"घरी. देवाजवल."

रविवारी दुपार कलल्यावर बाईंची लूना माझ्यासकट कोळीवाड्यात शिरली. मी मागच्या सीटवर शबनम पोटाशी धरून. सगळीकडे जवळा वाळत घातलेला आणि त्यावर माझी इस्त्रीची साडी फडफडत होती. होड्या ओढून ठेवलेल्या, मधल्या मोकळ्या जागेत पोरांचा डबा ऐसपैस रंगात आलेला. कडेला जाळ्यांच्या ढिगावर हिरा बसलेली, शाळातपासणीला आलेले साहेब बसतात तशी.

"मला घ्या," बाई पोरांना म्हणाल्या.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांची म्होरकी वैजू नावाची, दोन वेण्यांची, आवाजानं खाडीपलीकडे ऐकू जाईल अशी. तिनं बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडे बोट केलं. "ह्या पन खेलनार?"

"त्या एम.ए. आहेत," बाई म्हणाल्या. पोरांना वाटलं हा काहीतरी आजार असावा. कुणी पुढे विचारलं नाही. बाईंनी घड्याळ आणि चष्म्याची डबी माझ्या हातात दिली, चपला काढल्या, पदर खोचला आणि एका होडीमागे जाऊन लपल्या. होडीमागूनही बाई अख्ख्या दिसत होत्या. राज्य असलेला मुलगा आला, त्यानं बाईंना बघितलं, आणि पुढे निघून गेला.

बाई होडीमागून बाहेर आल्या. "अरे ए! दिसले ना मी तुला?"

"दिसले ना."

"मग ऐसपैस का नाही केलंस?"

मुलगा वैजूकडे बघायला लागला. वैजूनं समजूत काढल्यासारखं सांगितलं, "तुमी दूधभात हाव, डॉक्टरबाई. म्हाताऱ्या मानसाला लागल-बिगल ना."

मला माहीत आहे, बाई तिथे काहीतरी ठरवून गेल्या होत्या. पण त्यापुढे जे झालं ते ठरवलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी? दूधभात? कुणाला विचारून?"

"असंच असतं."

"मी डबा उडवला तर?"

"उरवा की. पन धरनार नाय."

"माझ्यावर राज्य कधी?"

"नाय येनार."

"मग मी इथे करतेय काय?"

वैजूला खरंच प्रश्न कळला नाही. "खेलता ना तुमी," ती म्हणाली.

बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. तेवढ्यात जाळ्यांच्या ढिगावरून आवाज आला.

"त्यांना असलं नाय खेलायचं, वैजू."

सगळ्यांनी वळून बघितलं. हिरा उभी राहिली होती.

"मग कसलं खेलायचंय?"

"राज्यवालं."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. "आणि तुला गं?"

 हिरानं आईकडे बघितलं. आई दारात उभी होती, हातात कोयता, अर्धवट साफ केलेली मासळी समोर. "तिला नाय," आई म्हणाली. "डॉक्टरीणबाय, तुमी खेला. तिला नाय."

वैजू म्हणाली, "आमी घेऊ हिराला. पन तिचा दम अटकला मंग? तिची आय आमाला कापल." हे ती कोयत्याकडे बघून म्हणाली, तेव्हा म्हणणं अगदीच उगीच नव्हतं.

"टाइमप्लीज घेन मी," हिरा म्हणाली.

आणि मग तिथे जी पंचायत बसली! टाइमप्लीज किती वेळ चालतो? पाणी प्यायला चालतो. चप्पल तुटली तर चालतो. वैजूला मागे शी लागली होती तेव्हा चालला होता, यावर वैजूनं बोलणाऱ्याला धपाटा घातला. पण मुद्दा मान्य झाला. पंपाचा टाइमप्लीज धरायचा. मात्र पंप घेऊन झाल्यावर राज्य असेल तर राज्य राहील, फुकट सुटका नाही. तिकडच्या विद्यापीठातली मंडळी आणि मी मिळून वर्षभर जे जुळवत होतो, ते या पोरांनी डब्याभोवती उकिडवं बसून, नाक पुसत, उरकून टाकलं. मी पिशवीतून कागद काढला. मग परत ठेवला.

राहिली आई. बाई तिच्या दारात जाऊन पायरीवर बसल्या, मासळीच्या शेजारी.

"पंप आणा," त्या म्हणाल्या.

आईनं आत जाऊन आणला. देव्हाऱ्यात देवांच्या रांगेत ठेवलेला होता, हळदकुंकू लावलेला. बाईंनी तो हातात घेऊन पुसला. "देवाला दमा आहे का हो?" त्यांनी विचारलं, पण नेहमीच्या आवाजात नाही.

"त्याची सवय लागते म्हनतात," आई म्हणाली. "म्हून जपून ठेवलाय. मरायचे टायमाला."

"हा मरायच्या टायमाचा नाही. हा खेळायच्या टायमाचा आहे. धावायच्या आधी घ्यायचा, दम लागला तर पुन्हा. मी इथेच बसते. त्या दिवशी मी नव्हते, आज आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी लूनाला पायडल मारते आणि जाते, मनात काही ठेवणार नाही."

आईनं कोयता खाली ठेवला. हात लुगड्याला पुसले.  मग पंप बाईंच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः चालत जाऊन, हिराच्या हातात दिला. "दोन डाव," म्हणाली आणि बाईंशेजारी पायरीवर येऊन बसली. "मी मोजते हाय."

हिरानं पंप ओढला आणि खेळात शिरली. पहिल्याच डावात सापडली. अख्खा कोळीवाडा गोळा होईल अशा आवाजात वैजू ओरडली, "हिराचा ऐसपैस! हिरावर राज्य!" पोरांनी डबा लांब भिरकावला. हिरा धावत गेली, तो घेऊन आली, एकाला शोधलं, दुसऱ्याला शोधलं, आणि होडीला वळसा घालताना तिचा पाय मंदावला. खांदे वर आले. आई उठली. बाईंनी तिचा हात धरला. किती घट्ट, ते दुसऱ्या दिवशी त्या माऊलीच्या मनगटावरच्या बांगड्यांचे वळ सांगत होते.

"टाइमप्लीज!" हिरानं मूठ वर केली.

सगळा खेळ जागच्या जागी थांबला. कुणी होडीवर बसलं, कुणी नाकात बोट घातलं. हिरा डब्याशेजारी बसली, पंप ओढला, श्वास धरला, सोडला. आईचे ओठ हलत होते, ती देवाचं नाव घेत होती की शिव्या देत होती, मला सांगता येणार नाही. वैजूनं एकदा विचारलं, "झालं का गं?" हिरानं मानेनंच नाही म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा, "आता?" मग हिरा उठली, परकर झटकला आणि म्हणाली, "चालू."

बाईंनी आईचा हात सोडला. आणि त्याच क्षणी, हिराची पाठ वळलेली बघून, होत्या तशा अनवाणी धावत गेल्या आणि डबा लाथेनं उडवला. सापडलेली सगळी पोरं सुटली. हिराची सगळी मेहनत पाण्यात.

"चिटिंग!" हिरा किंचाळली. "तुमी तर खेलतपन नव्हता! वैजू, बघ ना! मी नाय सोरनार! कट्टी, डॉक्टरबाई, कट्टी, कट्टी!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बाई डब्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या, धापा टाकत, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटलं आता यांनाच पंप द्यावा लागणार.

दोन डाव कधीच होऊन गेले होते. आई मोजायची विसरली.

बाई आता नाहीत. मसाल्याचं दुकान आहे, वर कुणाची तरी शिकवणी चालते, मुलं शिंकत जिना चढतात. मी घोडबंदर रोडला मुलाकडे राहते, विसाव्या मजल्यावर. खाली सोसायटीच्या बागेत मुलं खेळतात आणि आया कठड्याशी उभ्या राहून सूचना देतात. मी परवा एका अडखळणाऱ्या बारक्यासाठी वरून ओरडले, "अरे, त्याला दूधभात करू नका!" सगळ्या आयांनी वर बघितलं. लॅक्टोज की काय ते, एकीनं दुसरीला सांगितल्याचं ऐकू आलं. इतक्या वरून ऐकू येत नाही म्हणतात, पण मला ऐकू आलं.

परदेशातल्या त्या विद्यापीठाच्या मंडळींचं मात्र तेव्हा समाधान झालं नाही. काही आठवड्यांनी प्रश्न पुन्हा विचारायचे असतात, तसे मी हिराला विचारले होते, आणि त्यांना कळेना, की फुप्फुसं सुधारली असताना या मुलीच्या आयुष्याचे गुण एकदम एवढे घसरले कसे. शिवाय दूधभात बंद केल्याचा हा परिणाम आहे का, अशीही विचारणा होती. ती माझीच कमाई. मी बाईंना विचारलं, काय कळवू? त्या म्हणाल्या, "इकडे या म्हणावं, डबा ऐसपैस खेळायला. राज्य घ्यायची तयारी ठेवून."

ते दुसऱ्यांदा विचारणं मी कोळीवाड्यात तिच्या घरीच केलं. पायरीवर बसले, कागद मांडीवर घेतला, साडी मुद्दाम बिनइस्त्रीची. हिरा समोर उभी, बसायला तयार नाही, एक पाय दाराबाहेर. गुडघा फुटलेला, त्यावर हळद. बाहेरून पोरं तिच्या नावानं बोंबलत होती. मी पहिला प्रश्न विचारला: या आठवड्यात इतर मुलांनी तुला त्रास दिला का? तिनं माझ्या मांडीवरून कागद ओढला, वाचायचं नाव नाही, फाडकन अगदी रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या प्रश्नालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. मी म्हटलं, "अगं, नीट ऐकून तरी घे." तर म्हणाली,

"सगल्यांशी भांडन हाय माझं, सगलीकरं तोच चेहरा लिवा, पन पटापट लिवा ना बाई, बाहेर माझ्यावर राज्य हाय!"